डावा पाय मागून येतो

आमच्या घरात काही फुटल्याचा आवाज आला की काय फुटलं असं कोणी विचारत नाही. "लागलं नाही ना गं?" एवढंच विचारतात. फोडणारी मीच, हे धरलेलं असतं. माहेरी घाटकोपरलाही असंच होतं. आईने माझ्या हाती लोणच्याची बरणी कधी दिली नाही. पंगतीत मी पाणीसुद्धा वाढायचं नाही, फक्त मीठ. लग्न होऊन नाहूरला आले तर सासूबाईंनी आठवड्याभरात मला ओळखलं आणि चांगले कप वरच्या फळीवर गेले. मी वेंधळी आहे हे दोन्ही घरांनी एकमताने ठरवलं होतं, आणि माझीही त्याला हरकत नव्हती. वेंधळ्या बाईला रांगोळी काढायला कोणी बोलवत नाही, पाहुण्यांसमोर ट्रे घेऊन जावं लागत नाही. चाळीस वर्षं मी त्यात सुखी होते.

म्हणून मी खरोखर आजारी पडले तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मी सकाळी डबे भरत होते आणि एकाएकी ओटा डावीकडे कलला. म्हणजे मला तसं वाटलं. मी गॅस बंद केला, तिथेच फरशीवर बसले आणि मग उलट्या सुरू झाल्या. डोकं मागच्या बाजूने ठणकत होतं. सासूबाई देवघरातून आल्या, माझ्याकडे बघितलं आणि निदान करून मोकळ्या झाल्या.

"पित्त झाला गे तुका. कालचो वडो बाधलो."

नवरा म्हणाला, उपाशीपोटी चहा घेते म्हणून. मुलगी म्हणाली, "आई, तू पाणीच पीत नाहीस." शेजारच्या बाई आमसुलाचं सार घेऊन आल्या. बिल्डिंगखालच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, पोट दाबलं आणि विचारलं, "घरात काही टेन्शन?" मी म्हटलं, डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न आहे. "मग बरोबर," असं म्हणून त्यांनी एक इंजेक्शन दिलं. मला जे झालं होतं ते प्रत्येकाला आधीच माहीत होतं, त्यामुळे मला नक्की काय होतंय हे विचारायची कोणावर वेळ आली नाही. दोन दिवस मी पडून होते. तिसऱ्या दिवशी चक्कर थांबली आणि मी कामावर गेले.

मी मुलुंडला एका शाळेच्या ऑफिसात आहे. दाखले टाइप करते. मराठीच्या आमच्या कीबोर्डवर काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला येतात आणि बरीचशी अक्षरं उजव्या हाताला. वीस वर्षांत मला कधी खाली बघावं लागलं नव्हतं. आता अक्षरं नीट पडायची आणि काने-मात्रे भलतीकडे जायचे. 'वागणूक चांगली' असं लिहायचं तर 'वगणूक चंगली' उमटायचं. एका मुलीचे वडील तो दाखला घेऊन थेट मुख्याध्यापिकांकडे गेले. "माझ्या पोरीची वागणूक चंगळीची आहे असं लिहिलंय," म्हणाले. बाईंनी मला बोलावून घेतलं.

"अहो, हल्ली तुमच्या काना-मात्रा असतात कुठे?"

"लग्नघर आहे ना बाई," मी म्हटलं. त्यांना ते पटलं आणि मलाही पटलं.

घरात दाराच्या चौकटीला माझा डावा खांदा आपटायचा. डाव्या पायातली चप्पल जिन्यात मागेच राहायची. महिन्याभरात सहा बशा गेल्या. मुलगी म्हणाली, "आई, तू नेहमीपेक्षा जास्त फोडतेयस," पण ते कौतुकाने म्हणाली. लग्न करून जाणाऱ्या मुलींना आईचं सगळंच गोड वाटायला लागतं.

अशात बोरिवलीहून विहीणबाईंचा फोन आला की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी संगीत ठेवायचं. आम्ही कोकणातली माणसं. आमच्या लग्नात नाच म्हणजे वरातीत बँडपुढे, आणि तोही मामालोकांचा. बायका हळद दळतात, गाणी म्हणतात, एकमेकींच्या साड्या बघतात. पण विहीणबाई म्हणाल्या, "हल्ली सगळीकडे असतं हो. मुलीच्या आईवडिलांचा एक डान्स, आणि दोन्ही आयांचा एक तर मस्ट." त्या तीन वर्षं झुंबाला जात होत्या. ही गोष्ट त्यांनी साखरपुड्यात दोनदा आणि त्या फोनवर एकदा सांगितली.

मुलीने नाच बसवायला एक बाई शोधली. पस्तिशीची, काटक, देवनारहून स्कूटरवर यायची. सगळे तिला मास्टर म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. देवनारला ती चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी बायकांना लेझीम शिकवायची आणि लग्नाच्या सीझनमध्ये पवईपासून बोरिवलीपर्यंतच्या काका-काकींना नाचवायची. आमच्या हॉलमधली टीपॉय तिने पहिल्याच दिवशी पलंगावर चढवली, सोफा भिंतीला लावला आणि म्हणाली, "काका, काकी, लाजायचं नाही. मी खूप वाईट वाईट नाच बघितलेत."

गाण्यात एक स्टेप होती, बल्ब फिरवायची. हात वर करायचे आणि वर बल्ब लावल्यासारखे पंजे भरभर फिरवायचे. त्यासोबत पाय उजवीकडे दोन, डावीकडे दोन. माझा उजवा हात बल्ब लावायचा. डावा हात त्या बल्बशी भांडत असल्यासारखा वाटायचा. पाय उजवीकडे जायचे तोपर्यंत ठीक, डावीकडे जायची वेळ आली की मी नवऱ्याच्या अंगावर.

"अगं, जरा लक्ष दे ना," नवरा म्हणायचा. त्याचं स्वतःचं काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. समोरचा आरसा मी मागच्या दिवाळीत फोडला होता.

मुलगी चिडायला लागली. "आई, तू प्रयत्नच करत नाहीस. तुला संगीत नकोच होतं, म्हणून." मला वाईट वाटलं. खरं तर मी दुपारी सगळे बाहेर गेले की एकटी प्रॅक्टिस करायचे. एकदा तशी करताना पडले आणि कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी आतून विचारलं, "काय पडला?" मी म्हटलं, "डबा."

चौथ्या दिवशी मास्टरने मध्येच गाणं बंद केलं. नवऱ्याला बसायला सांगितलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काकी, फक्त उजवा हात फिरवा. बस. आता फक्त डावा."

मी फिरवला. ती बघत राहिली.

"आता फक्त पाय. भिंत धरा पाहिजे तर."

मग तिने विचारलं, "काकी, हे कधीपासून आहे?"

"काय?"

"हे बघा. ज्यांना नाचता येत नाही ना, त्यांचं सगळंच चुकतं. काकांचं बघा. काकांचे दोन्ही हात चुकतात, दोन्ही पाय चुकतात, पण सारखे चुकतात. त्याला इलाज नाही. तुमची उजवी बाजू एकदम बरोबर आहे. डावा पाय मागून येतो, आणि येतो तो पण भलत्याच ठिकाणी पडतो. हे नाच न येण्यातलं नाहीये. तुम्ही डॉक्टरला दाखवा. पोटाच्या नाही, मेंदूच्या."

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "आता डान्सवाल्या तपासायला लागल्या का?" त्याला बहुतेक 'इलाज नाही' हे लागलं होतं.

तेवढ्यात सासूबाई आतून बाहेर आल्या. "ती खरा सांगता. मी पंधरा दिस बघतंय. हिचो डावो पाय हिचो नाय. दुसऱ्या कोणाचो तरी लावलेलो हा."

"मग आई, तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"माका वाटला, वेंधळीच ती. काय सांगूचा?"

त्या ह्यात वाईट काही बोलत नव्हत्या. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात चार माणसं, शाळेत पंचवीस, बिल्डिंगमध्ये सत्तर बिऱ्हाडं, आणि माझ्या दोन पायांत फरक पडलाय हे चार दिवसांच्या ओळखीच्या बाईने सांगितलं.

घाटकोपरला एका हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. मी त्यांना सांगायला सुरुवात केली की दसऱ्याआधी मला पित्त झालं होतं, आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "पित्त झालं होतं हे नको सांगू. काय झालं होतं ते सांग." मला एकदम तू म्हणणारे ते डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे असतील, त्यामुळे मला बरंच वाटलं. मी ओटा कलल्यापासून सगळं सांगितलं. मग त्यांनी बोट समोर धरलं. त्यांच्या बोटाला बोट लाव, मग स्वतःच्या नाकाला. उजव्या हाताने जमलं. डाव्या हाताने मी एकदा गालाला आणि एकदा डोळ्याला लावलं. मग म्हणाले, "आता तळहात मांडीवर पालथा, सुलटा, पालथा, सुलटा. भरभर."

"ही तर आमची बल्बची स्टेप," मी म्हटलं.

डॉक्टरांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने संगीत, मास्टर, सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "त्या मुलीला माझा नमस्कार सांगा," म्हणाले. "सहा आठवडे कोणी बघितलं नाही, ते तिने बघितलं."

मग एमआरआय. त्या नळीत झोपले तेव्हा मला खरी भीती वाटली. ठकठक आवाज चालू होता आणि मी मनात मुलीच्या रुखवताची यादी म्हणत होते, कारण देवाचं नाव आठवेना. बाहेर आले तर नवरा माझी चप्पल हातात घेऊन उभा होता. डावी आधी पुढे केली त्याने.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म दिव्याला लावली आणि मागे, खालच्या बाजूला, मानेच्या जरा वर पेन टेकवलं. "हा लहान मेंदू. शाळेत अनुमस्तिष्क म्हणून पाठ केला असशील. तोल सांभाळणं, हातपाय कुठे, केव्हा, किती जोरात टाकायचे त्याचा मेळ घालणं, हे ह्याचं काम. इथे डावीकडे डाग दिसतो? इथे रक्त पोचलं नाही. ते पित्त नव्हतं. छोटा झटका होता."

मी बराच वेळ त्या डागाकडे बघितलं. मग जे विचारायचं ते विचारलं.

"म्हणजे डॉक्टर, माझा वेंधळेपणा सगळा ह्याच्यामुळेच?"

"कधीपासूनचा?"

"साधारण चौथीपासूनचा."

"नाही," ते म्हणाले. "हा डाग दीड महिन्याचा आहे. त्याच्याआधी जे फुटलं ते तूच फोडलंस."

नवरा इतका हसला की बाहेरची नर्स आत डोकावली. त्या आठवड्यात तो पहिल्यांदा हसला होता.

रक्त पातळ करायची गोळी, ब्लडप्रेशरची गोळी आणि रोजचे व्यायाम असं ठरलं. बरंचसं परत येईल, म्हणाले, मेंदू पुन्हा शिकतो, फक्त त्याच्याकडून रोज करून घ्यावं लागतं.

घरी आल्यावर नवऱ्याने अंधेरीला बहिणीला फोन लावला. स्पीकर चालू होता. "अगं, हिच्या लहान मेंदूत प्रॉब्लेम निघालाय."

"मेंदू लहान निघाला?" नणंद म्हणाली. "दादा, त्याला एमआरआय कशाला काढायचा? आम्हाला विचारायचं."

तो फोन ठेवेपर्यंत बातमी अशी सुटली की माझा मेंदू लहान आहे. दुसऱ्या दिवशी तीन फोन आले. कोणी अक्रोड खायला सांगितले, ते मेंदूसारखे दिसतात म्हणून. कोणी ब्राह्मीचं तेल. एका चुलतजावेने अगदी मायेने विचारलं, "वाढतो का गं पुन्हा?" मी म्हटलं, "बघू, गोळ्या चालू आहेत."

रविवारी विहीणबाई आल्या. सोबत काजूकतलीचा डबा. आधी साड्यांबद्दल बोलल्या, मग हॉलच्या एसीबद्दल, आणि चहा आल्यावर मूळ मुद्द्यावर आल्या.

"राग मानू नका हं. पण हे तुमचं जे आहे, लहान मेंदू, ते पुढे मुलांमध्ये वगैरे... येत नाही ना?"

माझ्या हातात कप नव्हता म्हणून बरं. मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "येतो ना. माझ्यात आलाय."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला.

"तुमच्या मुलाला पण आहे," मुलगी म्हणाली. "तुम्हाला पण असेल. नसता तर झुंबाला कशा गेला असता? लहान मेंदू सगळ्यांना असतो, काकी. आईला तिथे झटका आलाय. तो काही वारसाहक्काने मिळत नाही."

"पोरगी बरोबर सांगता," सासूबाई म्हणाल्या आणि काजूकतली खायला लागल्या.

विहीणबाई लवकर निघाल्या. त्यानंतरचे दोन दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मुलगी खोलीत बसून होणाऱ्या नवऱ्याशी बोलत होती आणि मी दाराबाहेरून फक्त तिचा "हं, हं" ऐकत होते. माझ्यामुळे हे लग्न मोडलं तर, हा विचार त्या डागापेक्षा वाईट होता. तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. आवाज अगदी गोड.

"तुम्ही तब्येतीला जपा हो. नाचायचं टेन्शन घेऊच नका. आयांचा डान्स मी एकटीच करते. सोलो."

मुलगी म्हणाली, "म्हणजे सगळं झकास आहे. त्यांना गाणं मिळालं."

मास्टर आली तेव्हा मी तिला डॉक्टरांचा नमस्कार सांगितला. ती लाजली. मग लगेच कामाला लागली. डॉक्टरांनी गिरकी नको, कोणाचा तरी हात धरून चालायला हरकत नाही असं सांगितलं होतं. तिने आमचा नाच सगळा मोडला आणि नव्याने बसवला. गिरक्या गेल्या, बल्ब गेला. मी, नवरा आणि मुलगी एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून चार पावलं पुढे, चार मागे, बस. "काकी, नजर समोर. पायाकडे बघायचं नाही. डाव्या पायाला आधी मनात सांगायचं, मग टाकायचा," असं ती शिकवायची. मी मनात सांगायचे. तो ऐकायचा, फक्त थोडा विचार करून.

संगीताच्या संध्याकाळी मुलुंडचा हॉल भरला होता. विहीणबाईंचा सोलो साडेसहा मिनिटं चालला. मग आम्ही. मी मधे, उजवीकडे मुलगी, डावीकडे नवरा. पहिली चार पावलं पुढे मी अगदी बरोबर गेले. नवरा मागे गेला. आम्ही मागे यायला लागलो तेव्हा तो पुढे निघाला. त्याचा लहान मेंदू पूर्ण शाबूत होता, डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी लिहून दिलं असतं. मी त्याला कोपराने ओढत ओढत गाणं संपवलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मास्टर एका बाजूला उभी राहून हसता हसता डोळे पुसत होती.

जेवणाच्या वेळी बोरिवलीकडच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मिस्टरांचं कळलं. मेंदूचा आजार म्हणजे सोपं नाही हो. पण किती हिमतीने नाचले! आणि तुम्ही त्यांना काय सांभाळलंत!"

मी म्हटलं, "काय करणार, आपलंच माणूस." नवरा मागे आइस्क्रीमच्या रांगेत होता. त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

लग्न नीट पार पडलं. मुलगी बोरिवलीला गेली. फिजिओथेरपिस्टने मला रोज सकाळी अर्धा तास एका रेषेत, टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमधल्या लाद्यांची रेघ अगदी सरळ आहे. मी तिथे चालायचे आणि सासूबाई दारात खुर्ची टाकून बसायच्या. "उजव्या बाजूक जातंस... आता बरा... परत गेलंस." आठवड्याभरात शेजारच्या बाई माझ्यामागून चालायला लागल्या. मग वरच्या मजल्यावरच्या दोघी. आपला तोल किती वाईट आहे हे बघून त्या घाबरल्या आणि रोज यायला लागल्या. सात-आठ बायका सकाळी सातला एका रेघेवर, एकमेकींच्या मागे, दोरीवर चालल्यासारख्या हात पसरून.

मग सोसायटीची नोटीस लागली. 'पॅसेजमध्ये विनापरवाना क्लासेस घेऊ नयेत.' मी सेक्रेटरींकडे गेले आणि एमआरआयची फिल्म दाखवली. त्यांनी ती खिडकीपाशी धरून उलटी बघितली आणि म्हणाले, "ठीक आहे, तुम्हाला परवानगी. पण बाकीच्यांनी आपापले रिपोर्ट आणावेत." आता बाकीच्या गच्चीवर चालतात. मी पॅसेजमध्ये चालते, एकटी, परवानगीने.

पटकन वळले की अजून भिंतीला हात लागतो. शाळेत मी हळू टाइप करते आणि छापायच्या आधी दोनदा वाचते. परवा बशी फुटली. आतून नवऱ्याने विचारलं, "लागलं नाही ना गं? कुठला हात होता?"

"उजवा," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि केरसुणी घेऊन आला.